हार्डडिस्क कधी दिसते, कधी गायब होते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत बरीच वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय आणि एक तक्रार अशी आहे की ती घेऊन येणारा माणूस कायम गोंधळलेला असतो. पूर्ण बंद पडलेला कॉम्प्युटर समजतो, पण "काल चालू होता, सकाळी काळ्या स्क्रीनवर काहीतरी इंग्लिश आलं, तीनदा बंद-चालू केला तर परत विंडोज आली, आता व्यवस्थित चाललाय" याचं काय करायचं ते कळत नाही, मग लोक दुर्लक्ष करतात आणि दोन महिन्यांनी सगळे फोटो, हिशेब, टॅलीचा डेटा घालवून बसतात. म्हणून रोज फोनवर जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहून ठेवलंय.

"नो बूटेबल डिव्हाइस" येतंय, म्हणजे हार्डडिस्क गेली का?

लगेच तसं समजू नका. "रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस", "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड", एचपीच्या लॅपटॉपवर "बूट डिव्हाइस नॉट फाउंड" आणि खाली ३एफ० असा कोड, हे सगळे मेसेज एकच गोष्ट सांगतात की बायॉसला (बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालू होणारं, मदरबोर्डवरचं छोटं सॉफ्टवेअर) जिथून विंडोज उचलायची ती जागा सापडली नाही. का सापडली नाही ते त्यात लिहिलेलं नसतं. डिस्क खराब, वायर ढिली, करंट कमी पडला, सेटिंग बदललं, किंवा कुणीतरी पेनड्राइव्ह लावून ठेवलाय आणि बायॉस त्याच्यावरच विंडोज शोधत बसलंय, यातलं काहीही असू शकतं. म्हणून पहिल्यांदा पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्डडिस्क सगळं काढा आणि परत चालू करून बघा.

त्यानंतर फक्त एक गोष्ट तपासायची. मेसेज आला की बटण दाबून बंद करू नका, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा आणि बायॉसमध्ये जा (बहुतेक ठिकाणी डिलीट किंवा एफ२, एचपीला एफ१०) आणि डिस्कचं नाव यादीत आहे का बघा. नाव दिसत असेल तर प्रॉब्लेम सेटिंगचा किंवा विंडोजच्या बूट फाइलचा. नावच नसेल तर वायर, करंट, पोर्ट किंवा डिस्क. पुढचे सगळे प्रश्न या दोन वाटांनी जातात त्यामुळं हे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका, शक्यतो मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आत्ता चालू झालाय, मग आता काय करू?

बॅकअप. आज, आत्ता, जेवायच्या आधी.

हे मी प्रत्येकाला सांगतो आणि निम्मे लोक "रविवारी बघू" म्हणतात. तासगाव भागातले एक बेदाण्याचे व्यापारी माझ्याकडं यायचे, त्यांच्या मशीनला हा त्रास दिवाळीपासून होता, दोनदा बंद-चालू केलं की चालायचा म्हणून तसंच रेटलं, आणि मार्चमध्ये डिस्क जी गेली ती आलीच नाही. वर्षभराच्या पावत्या परत कागदावरून भरायला त्यांच्या पोरीनं तीन आठवडे घातले. मला अजून वाईट वाटतं कारण डिस्कनं चार-पाच महिने दिले होते, त्यात कॉपी करायला अर्धा तास लागला असता.

बॅकअप घेताना सगळी डिस्क एकदम कॉपीला लावू नका. आधी जे परत मिळणार नाही ते घ्या: फोटो, टॅलीचा डेटा फोल्डर, पोरांचे प्रोजेक्ट, सातबारा आणि दस्तांचे स्कॅन. डेस्कटॉप आणि डाउनलोड विसरू नका, अर्धं आयुष्य तिथंच पडलेलं असतं. सिनेमे सगळ्यात शेवटी. आणि कॉपी त्याच मशीनमधल्या डी ड्राइव्हवर करून उपयोग नाही, सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, डिस्क गेली की दोन्ही जातात.

विंडोज परत मारली तर जाईल का हा प्रॉब्लेम?

बायॉसमध्ये नाव दिसत नसेल तर नाही, अजिबात नाही. विंडोज डिस्कच्या आत असते आणि इथं डिस्कपर्यंतच पोचता येत नाहीये. वर फॉरमॅट मारल्यामुळं डेटा जातो आणि चार दिवसांनी परत तोच मेसेज येतो. हा सल्ला फार दिला जातो, म्हणून स्पष्ट सांगतो की कारण सापडल्याशिवाय फॉरमॅटला हो म्हणू नका. नाव कायम दिसतंय, बूट ऑर्डर (आधी कुठल्या डिस्कवर विंडोज शोधायची तो क्रम) बरोबर आहे आणि तरीही विंडोज उठत नाही, तेव्हा बूट फाइल दुरुस्त करायचा विषय येतो, आणि त्यातही आधी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर चालवायचं.

कधी होतो कधी होत नाही, मग कारण शोधायचं कसं?

माझ्या मते हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. कधी-कधी होणाऱ्या बिघाडाला वेळ असते आणि ती वेळच कारण सांगते. दुकानात आणला की तो हमखास व्यवस्थित चालतो, त्यामुळं मी बघण्यापेक्षा तुम्ही घरी आठवडाभर बघितलेलं जास्त कामाचं. कॅलेंडरवर नाहीतर वहीत लिहा: तारीख, किती वाजता, त्याआधी मशीन किती वेळ बंद होतं, लाईट गेली होती का, भिंतीवरचं बटण बंद होतं का, आणि शेवटी कशानं चालू झालं.

शेवटचा मुद्दा नीट समजून घ्या. रिस्टार्ट केलं की डिस्कचा करंट तुटत नाही, आणि पूर्ण बंद करून पिन काढली की तुटतो. आता सकाळी गार असताना डिस्क दिसत नाही पण लगेच रिस्टार्ट केलं की दिसते, असं असेल तर जुन्या फिरणाऱ्या डिस्कची मोटर वेळेत वेग धरत नाही किंवा एसएमपीएस (कॅबिनेटमधला करंट पुरवणारा डबा) कमजोर झालाय, पहिल्या प्रयत्नात ती फिरायला लागली आणि दुसऱ्या प्रयत्नाला तयार सापडली, एवढंच झालेलं असतं. याच्या बरोबर उलटं, म्हणजे काम करता करता हँग झाला, रिस्टार्ट केलं तर डिस्क गायब, पुन्हा रिस्टार्ट केलं तरी गायब, पण पिन काढून दोन मिनिटांनी चालू केलं की हजर, असं असेल तर बहुतेक वेळा ती एसएसडी (न फिरणारी, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) असते आणि तिचा कंट्रोलर (तिचं काम चालवणारी चिप) आत अडकलेला असतो, करंट तोडल्याशिवाय तो सुटत नाही. एवढ्या दोन ओळी वहीत लिहून आणल्या तरी माझं निम्मं काम होतं.

कॅबिनेटला धक्का लागला, टेबल सरकवलं, झाडलोट केली आणि मग झालं तर वायर. लाईट जाऊन आल्यावरच होतं तर एसएमपीएस किंवा बायॉसचा सेल. तासभर चालून गरम झाल्यावर होतं तर एम डॉट टू एसएसडीचं (वायरशिवाय थेट बोर्डवर बसणारी पट्टी) तापमान बघायचं.

बाहेरून काहीच नाही कळलं, मग सुरुवात कुठून करू?

वायरपासून. साटा वायर (डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी डेटाची वायर) ही सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि डेस्कटॉपमध्ये सगळ्यात जास्त वेळा तीच दोषी निघते. लाल किंवा काळी चपटी वायर, आत सात टोकं, त्यावरून सेकंदाला ६ गिगाबिट वेगानं डेटा धावतो, त्यामुळं टोकावर जरा धूळ बसली किंवा क्लिप ढिली झाली की सिग्नल तुटतो. धातूची क्लिप असलेली वायर घ्या, क्लिप नसलेली वायर पंख्याच्या थरथरीनं हळूहळू बाहेर येते. वायर तीव्र कोनात दुमडू नका, दरवाजा लावताना ती दाबली जात नाही ना बघा. शंभराच्या आसपास येणारी वायर आहे, जुनी पुसून परत लावण्यात अर्थ नाही, नवीनच टाका.

बदलताना एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर, पोर्ट, एसएमपीएस सगळं एकदम बदललं तर चालू होईल पण कशानं झालं ते कळणार नाही. पहिल्यांदा वायर, दोन-चार दिवस बघा. मग मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट. मग डिस्कला जाणारं पॉवरचं टोक, एसएमपीएसच्या वायरला दोन-तीन टोकं असतात त्यातलं दुसरं लावा.

आणि एक कळकळीचं सांगणं. जुन्या चार पिनच्या टोकावरून साटाचं टोक करणारा जोड मिळतो, त्यातला एकसंध प्लॅस्टिक ओतून केलेला प्रकार वापरू नका. आतल्या तारा जवळ जवळ असतात, प्लॅस्टिक तापून मऊ झालं की त्या एकमेकींना चिकटतात, आणि असे जोड जळल्याचे प्रकार जगभर झालेत. डिस्क अधूनमधून गायब होते आणि कॅबिनेट उघडल्यावर जळका वास येतो, तर तिथंच थांबा.

हे सगळं करायच्या आधी भिंतीवरचं बटण बंद, पिन बाहेर, चालू करायचं बटण पाच सेकंद दाबून उरलासुरला करंट काढा, आणि हात कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावून मग आत घाला. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे घातले असतील तर हे टाळू नका.

वायरच खराब होती हे नक्की कसं कळेल?

क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका. त्यात सी७ नंबरची ओळ असते, अल्ट्रा डीएमए सीआरसी एरर काउंट. डिस्क आणि बोर्डच्या मधल्या प्रवासात डेटा बिघडला की हा आकडा वाढतो, त्यामुळं हा आकडा मुख्यतः वायर आणि कनेक्शनबद्दल बोलतो. तो कधी खाली येत नाही, म्हणून आज जे आहे ते लिहून ठेवा, वायर बदला आणि आठवड्यानं परत बघा. तसाच राहिला तर वायर होती, वाढत राहिला तर पोर्ट किंवा डिस्कचं सर्किट.

सॉफ्टवेअर "गुड" दाखवतंय, निळा रंग आहे, मग डिस्क चांगलीच ना?

निळ्या रंगावर विसंबू नका. आकडे कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेच्या आत आहेत एवढंच तो रंग सांगतो. फिरणाऱ्या डिस्कला ०५, सी५, सी६ या तीन ओळी वाचा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळं लटकलेले, सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. सी५ शून्याच्या वर जाऊन वाढत असेल तर डिस्क बदलायच्या तयारीला लागा, रंग काहीही असो. ०ए ही ओळ म्हणजे मोटरला पुन्हा फिरायचा प्रयत्न करावा लागला त्याची मोजणी, सकाळी न दिसणाऱ्या डिस्कमध्ये ही आवर्जून बघायची. हे आकडे सोळाच्या पायावरच्या पद्धतीत दिसतात, त्यामुळं "१०" म्हणजे सोळा असू शकतात, सेटिंगमध्ये जाऊन दशमान करून घ्या.

एनव्हीएमई एसएसडीला (एम डॉट टू पट्टीतला जास्त वेगवान प्रकार) या ओळी नसतात. तिथं मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स शून्य आहे का आणि अनसेफ शटडाउन्स किती झालेत ते बघा. शटडाउनचा आकडा शेकड्यात असेल तर आधी लाईटचा बंदोबस्त करा.

शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या यादीत ७, ११, १२९, १५३ हे नंबर शोधा. ७ म्हणजे खराब ब्लॉक, ११ म्हणजे कंट्रोलर एरर, १२९ म्हणजे डिस्कनं उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजनं तिला रिसेट केलं, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं. या नोंदींना तारीख-वेळ असते, वहीशी जुळवून बघा.

एसएमपीएसचा आणि डिस्क न दिसण्याचा काय संबंध? बाकी सगळं चालू होतंय की.

संबंध आहे आणि खेडेगावात तर जास्तच आहे. मोठ्या साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर चालते आणि सुरू होताना साधारण दोन अँपिअर ओढते, एकदा फिरायला लागली की त्यापेक्षा बरंच कमी लागतं. त्याच सेकंदाला प्रोसेसर, पंखे, ग्राफिक्स कार्ड पण उठत असतात. एसएमपीएसचे कपॅसिटर म्हातारे झाले असतील तर नेमकं तेव्हाच व्होल्टेज पडतं, मोटर अडखळते आणि बायॉस पुढं निघून जातं. डिस्प्ले आला, पंखे फिरले, म्हणून आपण एसएमपीएस चांगला धरतो.

साटा एसएसडी आणि लॅपटॉपची छोटी डिस्क ५ व्होल्टवर चालतात. त्यामुळं एकाच मशीनमध्ये एसएसडी कायम दिसतेय आणि फक्त मोठी डिस्क गायब होतेय तर १२ व्होल्टच्या लाइनवर संशय घ्या. मीटर असेल तर मोकळ्या चार पिनच्या टोकावर पिवळी आणि काळी मोजा, ११.४ ते १२.६ मध्ये पाहिजे, लाल आणि काळी ४.७५ ते ५.२५ मध्ये. आकडा बरोबर आला तरी निर्धास्त होऊ नका, साधा मीटर क्षणभराची घसरण पकडत नाही. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे ओळखीतला चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं. एसएमपीएस उघडायचा मात्र नाही, बंद केल्यावरही आत जीवघेणा करंट साठलेला असतो.

वाडी-वस्तीवर पंपांची लाईट आली की घरातलं व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळा होतो, ते तुम्हाला माहितीच आहे. आटपाडी बाजूच्या एका घरातला कॉम्प्युटर फक्त संध्याकाळी चालू व्हायचा नाही, सांगलीला आणला की दिवसभर उत्तम. वही ठेवायला लावली तेव्हा पंपांच्या वेळेशी जुळलं. चांगला एसएमपीएस आणि यूपीएस लावल्यावर थांबलं. इन्व्हर्टर असेल तर त्याला बहुतेक वेळा यूपीएस मोड आणि इको मोड असं बटण असतं, कॉम्प्युटर असेल तर यूपीएस मोडवर ठेवा, दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायला जो वेळ लागतो तो कॉम्प्युटरला झेपत नाही.

तारीख मागे जाते आणि मग डिस्क दिसत नाही, असं का?

बायॉसचा सेल संपलाय. सीआर २०३२, नाण्यासारखा, नवीन असताना ३ व्होल्टचा. भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर बोर्डला एसएमपीएसमधून थोडा करंट मिळत राहतो आणि सेलची गरज पडत नाही. रात्री बटण बंद केलं किंवा रात्रभर लाईट गेली की सगळा भार सेलवर. तो दमला की बायॉस आपली सेटिंग विसरतं आणि कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं. म्हणून हा त्रास सकाळीच दिसतो आणि सुट्टीवरून आल्यावर तर नक्की.

यात डिस्क खरं तर दिसत असते, फक्त क्रम बदललेला असतो. हल्ली बऱ्याच जणांनी विंडोजसाठी छोटी एसएसडी आणि डेटासाठी जुनी डिस्क ठेवलेली आहे, सेटिंग उडालं की जुनी डिस्क पहिल्या नंबरवर येते आणि तिच्यावर विंडोज नसते. बूट मेनूमधून एसएसडी निवडा (बोर्डप्रमाणं एफ१२, एफ११ किंवा एफ८, एचपीला एफ९), चालू झालं की ओळखा. सेल बदला, तारीख लावा, विंडोज बूट मॅनेजरला पहिला नंबर द्या, सेव्ह करा. किराणा दुकानातला घड्याळाचा कुठलाही सेल चालणार नाही, २०३२ हाच नंबर बघून घ्या.

निळी स्क्रीन येऊन "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" लिहून येतंय, ते पण हेच का?

थोडं वेगळं. इथं बायॉसला डिस्क सापडली, विंडोज निम्मी उठली आणि मग विंडोजलाच डिस्क दिसेना झाली. सेल गेल्यावर साटाचा मोड एएचसीआयवरून रेडवर (डिस्क चालवायच्या या दोन पद्धती) किंवा उलटा गेला की असं होतं. पहिल्यांदा जो मोड होता तोच परत लावा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचं सेटिंग असतं, त्याला हात लावला की हाच प्रकार. काही बदलायच्या आधी बायॉसच्या पानांचे फोटो काढायची सवय लावून घ्या.

एम डॉट टू एसएसडीला तर वायरच नाही, मग ती का गायब होते?

स्क्रू बघा. पट्टी तिरकी बसते, स्क्रू लावलेलाच नसतो, किंवा खालचा उंचवटा चुकीच्या जागी असतो, आणि गरम-गार होऊन टोक हळूहळू सरकतं. काढा, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण आत जाईपर्यंत सरकवा आणि स्क्रू बोटाच्या जोरानं लावा. बोर्डचं पुस्तक पण वाचा, बऱ्याच बोर्डवर एम डॉट टू लावली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात, आणि "नवीन एसएसडी टाकली आणि जुनी डिस्क गेली" असं म्हणून येणाऱ्यांची डिस्क बहुतेक वेळा फक्त दुसऱ्या पोर्टला लावायची असते.

एसएसडी एकदम मेल्यासारखी झाली, नंतर आपोआप आली. असं होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि त्यामागं फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर असू शकतं. क्रूशियलच्या एम४ या एसएसडीत एक चूक होती की ५,१८४ तास चालून झाल्यावर ती अडकायची, रिस्टार्ट केली की यायची आणि तासाभरानं परत जायची. जानेवारी २०१२ मध्ये त्यांनी नवीन फर्मवेअर दिलं. २०१९ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझनं जाहीर केलं की त्यांच्या काही सर्व्हर एसएसडी ३२,७६८ तासांनी म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी कायमच्या बंद पडतील, फर्मवेअर बदला. फिरणाऱ्या डिस्क पण यातून सुटल्या नाहीत, सीगेटच्या ७२००.११ मालिकेतल्या डिस्क २००८-०९ च्या सुमारास बायॉसमधून गायब व्हायच्या. म्हणून कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलचं फर्मवेअर बघा, बॅकअप घेऊन मगच टाका आणि टाकताना लाईट जाणार नाही याची काळजी घ्या.

लाईट गेल्यामुळं साटा एसएसडी दिसेनाशी झाली असेल तर एक उपाय करण्यासारखा आहे. डेटाची वायर काढा, फक्त पॉवरची ठेवा, मशीन चालू करून वीस मिनिटं तसंच सोडा, मग अर्धा मिनिट बंद, परत वीस मिनिटं. आतला कंट्रोलर आपली नोंदवही या वेळात नीट लावतो. दरवेळी चालतं असं नाही, पण मी यातून परत आलेल्या एसएसडी बघितल्यात आणि यात डेटाला धोका नाही.

लॅपटॉपमध्ये काय बघायचं?

जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क आणि बोर्डच्या मध्ये पातळ पट्टीची वायर असते, एसटीतून बॅग मांडीवर घेऊन रोज मिरज-सांगली किंवा सांगली-कोल्हापूर करणाऱ्यांची ही पट्टी लवकर जाते. डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावून त्यातल्या डिस्कवरून विंडोज चालवत असाल तर ती आतल्या मूळ जागी आणा, कॅडीत डेटाची डिस्क ठेवा. टचपॅड वर आल्यासारखा वाटतोय, झाकण नीट बसत नाहीये तर बॅटरी फुगलीय, डिस्कचं राहू दे, चार्जिंग थांबवा आणि बॅटरी काढून घ्या.

डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर बिटलॉकरची की मागतंय.

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप. नवीन लॅपटॉपमध्ये विंडोज ११ तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर डिस्क आपोआप लॉक करून ठेवते, बऱ्याच जणांना याचा पत्ताच नसतो. डिस्क हलवली, बोर्ड बदलला, कधी बायॉसचं सेटिंग बदललं तरी ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या खात्यात सेव्ह असते, दुसऱ्या मोबाइलवरून लॉगिन करून मिळते. की नसेल तर कुठलाही दुकानदार ते लॉक उघडू शकत नाही, म्हणून लॅपटॉप चालू असतानाच ती कागदावर लिहून घ्या. दुकानदारानं विंडोज मारताना स्वतःचं किंवा तात्पुरतं खातं टाकलं असेल तर आजच बदला.

२०११ च्या आसपासचा जुना डेस्कटॉप आहे, त्यात वेगळं काही?

आहे. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलनं स्वतः जाहीर केलं की ६ सिरीजच्या चिपसेटमध्ये साटाचे ३ गिगाबिटवाले पोर्ट कालांतरानं कमजोर होतात. नंतर दुरुस्त चिप आली, ती बी३. सुरुवातीचा बोर्ड असेल तर डिस्क ६ गिगाबिटच्या पोर्टला लावा, बहुतेक बोर्डवर तो वेगळ्या रंगाचा असतो.

पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क वाळवून लावली, कधी दिसते कधी नाही.

२००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी तिन्ही वेळा गावात आलं. २०१९ नंतर लोक चिखल लागलेली कॅबिनेट घेऊन यायचे आणि त्यातल्या बहुतेकांनी आधीच उन्हात वाळवून चालू करून बघितलेलं असायचं. साध्या डिस्कला हवा आत-बाहेर जायला बारीक छिद्र असतं, तिथून पाणी जातं, वाळलं की गाळ आत चिकटून राहतो, आणि डिस्क फिरवली की हेड (डेटा वाचणारा भाग) त्या गाळावरून घासत जातो. म्हणून भिजलेली डिस्क वाळवू नका, चालू करू नका, आहे तशी ओलसर प्लॅस्टिक पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्या. तुमची कधी-कधी दिसतेय तर पुढच्या वेळी दिसेल तेव्हा फक्त सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर कॉपी करा आणि तिथंच थांबा.

टकटक आवाज येतोय. फ्रीजमध्ये ठेवू का? टपली मारू का?

दोन्ही नको. फ्रीजमधून काढली की आत दव धरतं. टकटक म्हणजे हेडला आपली जागा सापडत नाहीये, प्रत्येक वेळी चालू केल्यावर नुकसान वाढतं. डेटा हवा असेल तर बंद करा आणि रिकव्हरीवाल्याकडं न्या.

दुकानात नेताना काय सांगू?

वही न्या, मेसेजचा फोटो न्या, पासवर्ड आणि बिटलॉकरची की कागदावर न्या. "डेटा पाहिजे, न विचारता फॉरमॅट करू नका" हे तोंडी सांगा आणि पावतीवर लिहून घ्या. बदललेला पार्ट परत मागा. पहिल्या फटक्यात मदरबोर्ड बदलायला सांगितलं तर आधी वायर, सेल आणि दुसरा एसएमपीएस लावून बघितला का एवढं विचारा, चांगला माणूस सरळ उत्तर देतो.

दुरुस्त झालं हे कधी धरायचं?

एकदा चालू झाला म्हणजे झालं असं नाही, तो आधी पण मधूनच चालू होत होता. आधी किती वेळात किती वेळा व्हायचं ते वहीत आहेच. आठवड्यात दोनदा व्हायचं तर निदान तीन-चार आठवडे सरळ गेले पाहिजेत, आणि त्यातल्या बऱ्याच रात्री भिंतीवरचं बटण बंद ठेवून सकाळी गार मशीन चालू केलेलं पाहिजे. शटडाउन करताना विंडोजचं फास्ट स्टार्टअप तेवढ्यापुरतं बंद ठेवा म्हणजे प्रत्येक वेळी सुरुवात पूर्ण होईल. महिन्यानं सी७ आणि सी५ चे आकडे परत लिहा आणि पहिल्या दिवशीच्या आकड्यांशेजारी ठेवा. एकही वाढला नसेल तर वही बंद करा. वाढला असेल तर नवीन डिस्क घ्या आणि ही चालतेय तोवरच क्लोन (सगळी डिस्क जशीच्या तशी कॉपी) करून घ्या.